बोललं की गेलं

"बाबा, हा मला भाषा विचारतोय."

"कोण?"

"फोन. 'भाषा निवडा' म्हणतोय. आईचा फोन मला भाषा कशाला विचारेल?"

लेकीनं डबा मांडीवर घेतला होता. फोन विकत घेतला तेव्हाचाच मूळ डबा, त्यानं माळ्यावरून शोधून काढलेला. चार्जरची वायर नीट गुंडाळून तिला रबर लावलेलं. काच पुसलेली, कडेच्या फटींतली धूळ काडीनं काढलेली. नीटनेटकी वस्तू दुसऱ्याच्या हातात देताना माणसाला जे थोडंसं बरं वाटतं, ते त्याला वाटत होतं.

"कोरा करून दिलाय," तो म्हणाला. "फोटो सगळे काढून ठेवलेत. नंबर पण. तुला आता नव्यासारखा वापरता येईल."

"कोरा म्हणजे?"

"म्हणजे आतलं पुसलं."

लेक फोनकडे बघत राहिली. फोन निरनिराळ्या भाषांत पुन्हा पुन्हा नमस्कार करत होता.

"आणि आईचं बोलणं?"

"कुठलं बोलणं?"

"तिनं माझ्यासाठी बोलून ठेवलं होतं, बाबा. ह्यात. शेवटी शेवटी. मला म्हणाली होती, बोलून ठेवलंय, माझ्यामागे निवांत ऐक."

त्यानं नेहमीसारखा आधी एक श्वास घेतला. मग बोलला.

"ते तुला पोचलं नाही?"

*

इथे थांबून तो कोण होता हे सांगायला हवं. नाहीतर त्याचा प्रश्न वेड्याचा वाटेल.

निम्मं आयुष्य तो सैन्यात बिनतारी यंत्रावर होता. बटण दाबायचं, एक श्वास थांबायचं, कारण नाहीतर पहिला शब्द कापला जातो. मग बोलायचं. बटण सोडायचं. ऐकायचं. यंत्रात काही उरत नाही. उरतं ते पलीकडच्या माणसाच्या कानात आणि त्याच्या पेन्सिलीखाली. पलीकडे कुणी नसेल तर कुठेच नाही. "बोललं की गेलं," असं त्याचे उस्ताद शिकवताना म्हणायचे, "म्हणून तोलून बोला."

आवाज यंत्रात राहतो, तिथेच साठून पडतो, कुणी येऊन ऐकेपर्यंत वाट बघतो, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. नातेवाइकांचे निरोप त्यानंही फोनवर ऐकले होते. पण ठाऊक असणं वेगळं आणि हाडात असणं वेगळं. बायको फोन तोंडापाशी धरून बोलायला लागली, म्हणजे बोलणं गेलं. लेकीला पोचलं. त्याच्या हाडांनी एवढंच सांगितलं.

*

सैन्यातून सुटल्यावरची पहिली मुलाखत, फोनवर.

"अनुभव?"

"बिनतारी संदेश."

"कुठे?"

"सांगता येत नाही."

"बरं, कुठली यंत्रं?"

"ते पण नाही."

"हाताखाली माणसं किती होती? … हॅलो? ऐकताय ना?"

"ऐकतोय साहेब. माणसांचंही सांगता येत नाही."

"मग सांगता काय येतं?"

"बिघडलं तर दुरुस्त करतो. वेळेवर येतो."

*

नोकरी मिळाली नाही. दुसरीकडे प्रमाणपत्र मागितलं. होतं ते सैन्याचं. त्यावरचे अर्धे शब्द त्या कचेरीत कुणाला कळले नाहीत. तिसरीकडे फाटकावर उभं राहाल का, असं विचारलं. "मिशा छान आहेत तुमच्या," असंही म्हणाले. हे घरी सांगितल्यावर बायको भिंतीला टेकून हसली.

"म्हणजे मिशांना नोकरी लागली. मालक अजून बेकारच."

मग तो लेकीच्या वयाच्या पोरांबरोबर बाकावर बसला आणि नवं तंत्र शिकला. पोरं त्याला 'काका' म्हणायची आणि उत्तरं विचारायची. तो वर्गात मास्तर आले की उठून उभा राहायचा. दोनदा सांगूनही थांबेना, तेव्हा मास्तरांनीच नाद सोडला.

शेवटी मोबाइल टॉवरच्या देखभालीचं काम मिळालं. तारेचं कुंपण, आत उंच लोखंडी मनोरा, पायथ्याशी एक बंदिस्त खोली. खोलीत यंत्रांची कपाटं, बॅटऱ्या आणि पंखे. जोडीला जनरेटर बघणारा एक गडी, ज्याला सगळे 'डिझेल' म्हणत. ह्याचं नाव पहिल्याच दिवशी 'फौजी' पडलं.

"फौजी, अहो जेवताना तरी पाठ टेका. इथं कोण बघतंय?"

"सवय आहे."

"घरी वहिनींसमोर पण असेच बसता?"

"ती बसू देते कुठे?"

डिझेलला हसू आवरलं नाही. फौजी विनोद करू शकतो, ही बातमी त्यानं त्या दिवशी फोन करून तिघांना दिली.

काम जमलं. पण एक गोष्ट त्याला कधी अंगवळणी पडली नाही. पूर्वी एकाच आवाजासाठी तो कान टवकारून बसायचा. खरखरीतून तो आवाज वर यायचा, तुटायचा, पुन्हा सापडायचा. मग हा 'मिळालं' म्हणायचा आणि पलीकडचा माणूस सुटकेचा श्वास टाकायचा. तो श्वासही ऐकू यायचा. इथे कपाटांतून गावभरचे आवाज जात होते आणि पंख्यांची घरघर सोडली तर खोली मुकी होती. हिरवा दिवा म्हणजे ठीक. तांबडा म्हणजे बिघाड. कुणाला पोच द्यायची नाही. कुणी पोच मागत नाही.

"अहो बरंय की," बायको म्हणाली होती. "आता कानांना सुट्टी द्या. आणि जरा माझ्याकडे लावा."

*

एक सवय मात्र इथे नावाजली गेली.

सैन्यात कुठलंही यंत्र हातातून सोडताना ते कोरं करायचं असतं. जागा सोडा, दुरुस्तीला द्या, दुसऱ्या तुकडीच्या ताब्यात द्या. आधी आतलं पुसायचं, मगच हात काढायचा. आपल्यामागे ते कुणाच्या हाती लागेल हे कुणी सांगावं? कंपनीनं जुनी कपाटं काढायला घेतली, तेव्हा इतरांचं सामान जसंच्या तसं गोदामात गेलं. ह्याचं कोरं गेलं. वायरी गुंडाळलेल्या, बाहेरून पुसलेलं, आतून रिकामं.

इंजिनिअरबाईंनी सगळ्यांना बोलावून ते दाखवलं.

"याला म्हणतात ताबा देणं. उद्यापासून सगळ्यांनी असंच करायचं."

"घ्या," डिझेल कानात पुटपुटला. "तुमचं कौतुक आणि आमची हमाली."

पण त्याला बरं वाटलं. सैन्यातलं इतकं सगळं फाटकाबाहेर टाकून यावं लागलं होतं, त्यातलं हे एक इथे चाललं. घरी जाऊन त्यानं बायकोला सांगितलं. ती ऐकत होती. तेव्हा ती आजारी होती, पण ते अजून कुणाला माहीत नव्हतं.

*

लेक नवऱ्याचं घर सोडून आली, त्यालाही तेव्हा फार दिवस झाले नव्हते. मारहाण नव्हती, व्यसन नव्हतं. "तो घरात असतो बाबा, पण नसतो," एवढंच ती म्हणाली होती. त्याला काय बोलावं कळेना. आईला मात्र कळलं.

"माणूस घरात नसला म्हणून कुणी घर सोडतं? मग मी कितीदा सोडायला हवं होतं? हे तिकडे कुठेतरी कानाला यंत्र लावून बसलेले. कुठे ते मला सांगायची सोय नाही. तू तापानं फणफणलेली. दोन महिन्यांतून एकदा फोन, त्यात अर्धा वेळ हे श्वासच घ्यायचे. मी काढले ना दिवस? तुझ्यात दमच नाही."

लेक त्या संध्याकाळीच निघाली. दुसऱ्या गावात औषधांच्या कंपनीत तिला नोकरी लागली, भाड्याची खोली मिळाली. पुढे आईचं दुखणं उघड झालं तेव्हा ती येत राहिली. आईचे केस विंचरले, औषधं दिली, पाय चेपले. पण तो विषय दोघींनीही उकरला नाही. आई आणि लेक खायचं-प्यायचं, शेजारणीचं, हवापाण्याचं बोलत राहिल्या. मधे ते एक वाक्य जागच्या जागी होतं. तुझ्यात दमच नाही.

आणि लेक आपल्या गावी गेली की, दुपारी औषध घेतल्यावर थोडी हुशारी वाटली तर बायको त्याला म्हणायची, "जरा दार ओढून घ्या. मला लेकीशी बोलायचंय."

तो दार ओढून घ्यायचा.

*

पुन्हा फोनकडे.

बायको गेल्यावर लेकीनं कळवलं, आईचा फोन मला द्या, मी येऊन घेऊन जाईन. आधी कधी एवढं ठामपणे तिनं काही मागितलं नव्हतं. त्यानं फोटो उतरवून घेतले. एकेक बघत बसला, त्यात संध्याकाळ गेली. नंबर उतरवून घेतले. 'लेकीशी बोलायचंय' हे त्याच्या मनात आलंसुद्धा. पण ते लेकीकडे आहेच, तिला पोचलेलंच आहे, मग इथे काय असणार?

फोननं विचारलं, सगळं पुसलं जाईल, नक्की?

त्यानं हो म्हटलं.

फोननं पुन्हा विचारलं. फोनलासुद्धा शंका आली असेल.

त्यानं पुन्हा हो म्हटलं, आणि काडीला कापूस गुंडाळून फटी साफ करायला घेतल्या.

*

लेक भांडली नाही. भांडली असती तर त्याला कुठेतरी उभं राहता आलं असतं. डबा पिशवीत घातला, पुन्हा काढून टेबलावर ठेवला. "तुम्हीच ठेवा," म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी त्यानं इंजिनिअरबाईंना विचारलं, आपल्या कपाटांतून एवढे आवाज जातात, मागे कुठे काही उरतं का?

"आपण रस्ता आहोत, फौजी. रस्त्यावर कोण उरतं?" मग त्याच्या तोंडाकडे बघून त्या थांबल्या. "काय झालं?"

त्यानं सांगितलं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. तो बसला नाही.

"पण त्यांनी पाठवलंच नव्हतं ना," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग रस्त्यावर तरी कसं येणार?"

त्यांनीच दुकानाचा पत्ता दिला. दुकान चालवणारी बाई डोळ्याला भिंग लावून बसली होती. तिनं फोन तारेनं संगणकाला जोडला, बराच वेळ बघितलं, मग भिंग काढून ठेवलं.

"काका, ते गेलं असं नाही म्हणता येत. काही तुकडे आत असतीलही. पण सगळं कुलपातलं असतं, आणि पुसताना फोन किल्लीच मोडून टाकतो. ती किल्ली पुन्हा होत नाही."

"म्हणजे नुसती खरखर."

"तसंच समजा. दुसरीकडे जाल तर कुणीतरी म्हणेल, ठेवून जा, बघतो. मी तसं म्हणत नाही."

तिनं जास्त समजावायची गरज नव्हती. अशा किल्ल्या सैन्यात त्यानं स्वतः मोडल्या होत्या आणि दर वेळी पाठीवर थाप मिळाली होती. शत्रूच्या हाती काही लागू नये म्हणून.

लेकीच्या हाती काही लागलं नाही.

*

बायकोची धाकटी बहीण कपाट आवरायला आली. लेकीची मावशी. तिनं साबणाच्या वड्या एका पिशवीत, स्वेटर दुसऱ्या पिशवीत घातले आणि पाठमोरीच म्हणाली,

"भावजी, ती फोनमध्ये बोलायची तेव्हा तुम्ही दाराबाहेरच असायचात ना?"

"असायचो."

"मग सांगा की पोरीला. आई म्हणाली, माझा राग नाही, तू केलंस ते ठीक केलंस. चार शब्द. काय जातं तुमचं?"

"ती म्हणाली का तसं?"

"म्हणालीच असेल. माझी बहीण होती. जिभेला काटे, पण पोटात काही नाही."

"असेल."

"मग सांगा!"

"असेल आणि आहे, यात फरक आहे."

"तुम्ही ना, तारेसारखे सरळ. जरा वाकलात तर गावची वीज जाईल."

"तार कुठे होती आमच्याकडे?"

मावशीला हसू आलं, आणि हसता हसताच तिनं स्वेटर तोंडाला लावला. बराच वेळ काढला नाही.

ती गेल्यावर त्यानं कपाटाच्या आरशासमोर उभं राहून बघितलं. "तुझी आई म्हणाली," एवढं आलं. पुढचेही शब्द आले. चांगले होते, नेमके होते. पण ते बायकोच्या आवाजात होईनात. मिशांखालून, त्याच्याच आवाजात, कुणीतरी लिहून दिल्यासारखे बाहेर पडले.

*

रविवारी लेक आली. कळवून आली नव्हती. मावशी स्वयंपाकघरात होती; तिनं दोघांच्या मधे वाटाण्याच्या शेंगांची परात आणून ठेवली. दोघं सोलत बसले. लेक शेंगेकडे बघत म्हणाली,

"बाबा, ती काय बोलायची?"

मावशी दारात येऊन उभी राहिली. हातात पळी.

"मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी दाराशीच बसलो होतो. शब्द कळायला लागले, तसा उठून जिन्यात गेलो. मग दर वेळी जिन्यातच बसायचो."

"का पण?"

"तुझा निरोप होता. दुसऱ्याचा निरोप आपल्या हातून जातो. आपण त्यात डोकवायचं नसतं."

मावशीनं कपाळाला हात लावला.

लेकीच्या हातातली शेंग अर्धी उघडून तशीच राहिली. "शब्द कळायला लागले म्हणालात. म्हणजे कळले. थोडे."

"थोडे."

"कुठले?"

"आधी तुला हाक मारली. लाडाची. लहानपणची. मग खोकला आला. मग पाणी प्यायली, पेला ठेवला. मग म्हणाली, 'तर ऐक.' तिथं मी उठलो."

"पुढे?"

"जिन्यात शब्द येत नाहीत. आवाज येतो. सावकाश बोलत होती. बराच वेळ. मधे गप्प झाली. मला वाटलं संपलं, म्हणून मी उठत होतो. तर हसली."

"हसली?"

"हो."

"कशी?"

"कशी म्हणजे?"

"बाबा, ती दोन तऱ्हांनी हसायची. तुम्हाला माहितीये. एक ते नाकातलं, समोरच्याला खाली बघायला लावणारं. आणि एक ते दुसरं." ती आता सरळ त्याच्याकडे बघत होती. "कुठलं होतं?"

दारातून मावशीनं मान हलवली. एकदाच, जोरात. सांगा.

त्याला ते दुसरं हसू चांगलं ठाऊक होतं. मिशांना नोकरी लागली तेव्हाचं. खरखरीतून माणूस ओळखणारे कान होते त्याचे. त्याचं 'तेच होतं' लेकीनं डोळे मिटून मानलं असतं. आणि तेच असेलही. बहुतेक तेच.

त्यानं श्वास घेतला. खूप लांबला तो. लेक थांबली.

"खाली पाण्याची मोटर चालू होती," तो म्हणाला. "हसली एवढं नक्की. कसं, ते मोटरीत कळलं नाही."

मावशी दारातून मागे फिरली. आत काहीतरी ठणकन ठेवल्याचा आवाज आला.

लेकीनं खाली बघून शेंग पूर्ण उघडली. दाणे परातीत टाकले. साल बाजूला ठेवलं. दुसरी शेंग घेतली, पण सोलली नाही.

"परत सांगा," ती म्हणाली. "पहिल्यापासून."

त्यानं सांगितलं. ती मान एका बाजूला कलती करून, डोळे मिटून ऐकत होती. हाक. खोकला. पेला. तर ऐक. मग सावकाश बोलणं, बराच वेळ. मग गप्प. मग हसणं. तो जराही घाई करत नव्हता आणि एकही शब्द वाढवत नव्हता.

मोटरसुद्धा त्यानं गाळली नाही.